लांब उडीच्या शिक्षणातील प्रत्याभरण

लांब उडीचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या उडीचा परिणाम व तिची रीत यांविषयी जी माहिती मिळते आणि जिच्या आधारे तो पुढील उडीत बदल करतो, त्या माहितीस प्रत्याभरण म्हणतात. ही माहिती काही अंशी त्याच्याच स्नायूंतून, सांध्यांतून व डोळ्यांतून येते, तर काही अंशी वाळूतील खुणेवरून, मोजफितीवरून किंवा शिक्षकाच्या शब्दांतून मिळते. पहिलीस अंगभूत व दुसरीस बाह्य प्रत्याभरण अशी नावे आहेत. उडीचे शिक्षण म्हणजे बाह्य प्रत्याभरणाच्या साहाय्याने अंगभूत प्रत्याभरण जागे करणे, असे थोडक्यात म्हणता येईल. शिक्षकाच्या शब्दावाचून विद्यार्थ्याला आपली चूक कळू लागली, की ते शिक्षण पुष्कळसे साधले असे समजावे.

ही संकल्पना मूळची यंत्रशास्त्रातील आहे. तिचे एक जुने व ठळक उदाहरण रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) अंतर्भागातच पाहावयास मिळते. खालापूर तालुक्यातील खोपोली येथे १९१५ मध्ये व कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ मध्ये जलविद्युत् केंद्रे सुरू झाली. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली आणून त्याच्या झोतावर चक्रे फिरविली जातात. विजेची मागणी घटली की चक्रांचा वेग वाढू लागतो. हा वाढलेला वेगच वेगनियंत्रकाला कळतो व तो झोत कमी करतो. मागणी वाढली, की याच्या उलट क्रिया घडते. परिणामाची वार्ता कारणाकडे परत जाते व कारण त्यानुसार बदलते, हे प्रत्याभरणाचे सार होय. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या एंजिनावर असा नियंत्रक बसविला, मॅक्सवेलने १८६८ मध्ये त्याचे गणित मांडले आणि नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सायबरनेटिक्स या ग्रंथात हीच कल्पना प्राणिमात्रांच्या हालचालींना लावून दाखविली. त्यानंतर ती मानसशास्त्रात व शिक्षणशास्त्रात रूढ झाली.

चक्राच्या नियंत्रकात व उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यात मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. चक्राची चूक चक्र फिरत असतानाच दुरुस्त होते. लांब उडीत उड्डाणाचा पाय फळीवर सु. ०.१२ ते ०.१५ सेकंद एवढाच वेळ टेकलेला असतो आणि डोळ्यांनी पाहून प्रतिक्रिया देण्यास माणसाला सु. ०.२ सेकंद लागतात. म्हणजे पाय चुकीचा पडला हे कळेपर्यंत उडी मारून झालेली असते. शरीर हवेत गेल्यावर गुरुत्वमध्याचा मार्ग बदलता येत नाही. हातपायांच्या हालचालींनी तोल राखणे व पाय पुढे टाकणे एवढेच हाती उरते. साहजिकच उड्डाणातील चुकीची दुरुस्ती या उडीत होत नाही, पुढील उडीत होते. दोन उड्यांमधील मिनिट-दोन मिनिटांत विद्यार्थ्याला काय कळले, यावर पुढील उडी अवलंबून असते. प्रत्याभरणाला लांब उडीत इतर अनेक खेळांहून अधिक महत्त्व येते ते यामुळे.

उडीची घडण : लांब उडीचे धाव, उड्डाण, हवेतील अवस्था व अवतरण असे चार भाग मानतात. स्पर्धेच्या नियमांनुसार धावमार्ग किमान ४० मी. लांब व १.२२ मी. रुंद असतो, उड्डाणफळी २० सेंमी. रुंद असते आणि वाळूचा हौद २.७५ ते ३ मी. रुंद असतो. उडीचे अंतर फळीच्या हौदाकडील कडेपासून वाळूत शरीराच्या कोणत्याही भागाने उमटलेल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत काटकोनात मोजतात.

चार भागांपैकी धावेचा वाटा सर्वांत मोठा आहे, हे साध्या गणिताने दाखविता येते. दर सेकंदाला ७ मी. वेगाने व २० अंशांच्या कोनात उड्डाण करणाऱ्या विद्यार्थ्याचा गुरुत्वमध्य अवतरणाच्या वेळी अर्धा मीटर खाली येतो असे धरले, तर हवेतील अंतर सु. ४.२५ मी. भरते. वेग दर सेकंदाला ७.५ मी. झाल्यास तेच अंतर सु. ४.७५ मी. होते. म्हणजे वेगातील अर्ध्या मीटरच्या वाढीने उडीत जवळजवळ तितकीच भर पडते. हवेत पाय चालविणे किंवा अंग ताणून लोंबकळल्यासारखे राहणे या प्रेक्षणीय क्रियांनी अंतर स्वतंत्रपणे वाढत नाही. त्या तोल सांभाळण्यासाठी व अवतरणाच्या तयारीसाठी असतात. शालेय शिक्षणात या हवेतील क्रियांवरच अधिक शब्द खर्ची पडतात, याचे कारण एवढेच की त्या डोळ्यांत भरतात. धाव मात्र वीस-तीस मीटर पसरलेली असते आणि हौदाजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला ती समोरून दिसते, बाजूने दिसत नाही.

फळी व मोजफीत : मोजफितीवरील आकडा हे सर्वांत सुलभ प्रत्याभरण होय, परंतु तो आकडा दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज-वजाबाकी असतो. विद्यार्थ्याने प्रत्यक्ष किती अंतर पार केले ही एक, आणि फळीच्या कडेमागे त्याने किती जागा वाया घालविली ही दुसरी. समजा, चौदा वर्षांखालील गटातील एका विद्यार्थिनीने चार उड्या मारल्या. पहिलीचे मोजलेले अंतर ३.५८ मी. व पायाचा अंगठा कडेच्या ४२ सेंमी. मागे, दुसरीचे ३.७९ मी. व अंगठा ९ सेंमी. मागे, तिसरीचे ३.६४ मी. व अंगठा ३३ सेंमी. मागे, चौथीत पाय कडेच्या ६ सेंमी. पुढे गेल्यामुळे उडी अवैध, पण अंगठ्यापासून मोजता ती ३.९५ मी. भरली. नोंदवहीत दुसरी उडी सर्वोत्तम ठरेल व चौथी गणलीच जाणार नाही. वस्तुतः प्रत्यक्ष अंतरे अनुक्रमे ४.००, ३.८८, ३.९७ व ३.९५ मी. आहेत, म्हणजे दुसरी उडी सर्वांत तोकडी आहे. फळी गाठण्यासाठी शेवटचे पाऊल लांबवून पाय ताणला, की वेग मोडतो व अशी उडी पडते. शिक्षकाने केवळ फितीवरचा आकडा वाचून दाखविला, तर ज्या उडीत दोष होता तिचेच कौतुक होईल आणि फळीकडे पाय ताणण्याची सवय पक्की होईल.

याच चार उड्यांतून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. अंगठा सरासरीने कडेच्या १९.५ सेंमी. मागे पडत आहे, म्हणून धावेची सुरुवातीची खूण २० सेंमी. पुढे सरकवावी, असे कोणासही सुचेल. तसे केल्यास मात्र पहिली व तिसरी उडी फळीच्या अधिक जवळ येईल, दुसरी अवैध होईल आणि चौथी अधिकच अवैध होईल. येथे दोष खुणेचा नसून पावलांच्या अनियमितपणाचा आहे. सर्वांत मागच्या व सर्वांत पुढच्या ठशात ४८ सेंमी.ची तफावत आहे. आधी धाव एकसारखी करावयाची व मगच खूण हलवावयाची, हा क्रम शिक्षकाला प्रत्येक उडीच्या दोन्ही नोंदी ठेवल्याशिवाय उमगत नाही. स्पर्धेत सामान्यतः पहिल्या तीनच संधी मिळतात व तिन्ही अवैध ठरल्यास विद्यार्थ्याच्या नावापुढे कोणतेही अंतर लागत नाही. दिवसभराचा प्रवास करून आलेले मूल अशा वेळी एकही आकडा न घेता परतते.

फळी कशी गाठली जाते, याविषयी एडिंबरो येथील डेव्हिड ली व त्यांचे सहकारी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्यांनी तीन महिला खेळाडूंच्या धावेतील पावलांच्या ठशांची नोंद केली. प्रत्येक पावलागणिक लहानलहान चुका साचत जाऊन ठशांतील विचलन सु. ३५ सेंमी.पर्यंत वाढत असे. अखेरच्या काही पावलांत मात्र ते झपाट्याने कमी होऊन फळीवर सु. ८ सेंमी. उरे. ही घट डोळ्यांनी फळीचा अंदाज घेतल्यामुळे होते. नवशिक्यांतही ही क्षमता असते, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. यावरून दोन निष्कर्ष निघतात. धावेचा पहिला भाग सवयीने बांधला जातो, म्हणून त्यासाठी ठरलेली खूण व ठरलेली पावले हवीत. आणि अखेरचा भाग नजरेने सावरला जातो, म्हणून विद्यार्थ्याला फळीकडे पाहूच नकोस असे सरसकट बजावणे बरोबर नाही. खाली मान घालून फळी शोधणे आणि दुरूनच तिचा अंदाज घेत येणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रदेश व ऋतू : कर्जत व खालापूर हे तालुके माथेरानचा डोंगर व सह्याद्रीचा कडा यांच्या दरम्यान, उल्हास व पाताळगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत वसले आहेत. येथे वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने होणाऱ्या शालेय स्पर्धांची तालुका पातळी सामान्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर लगेच येते. परिणामी उडीच्या हौदात पाणी साचलेले असते त्याच काळात सराव करावा लागतो. आवणीच्या दिवसांत हजेरी रोडावते ती वेगळीच. दिवाळीनंतर मैदान वाळते, वाळू मोकळी होते. पण तोपर्यंत तालुक्याची स्पर्धा होऊन गेलेली असते. शिवाय कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे याच सुमारास वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर स्थलांतर करतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांना कोरड्या मैदानाचे महिने मिळतच नाहीत. वसतिगृहयुक्त आश्रमशाळांतील मुलांची स्थिती याबाबतीत बरी असते. पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेत या शाळांच्या स्वतंत्र क्रीडास्पर्धाही होतात.

अशा परिस्थितीत एका विद्यार्थ्याच्या वाट्याला स्पर्धेपूर्वी हौदातील मोजक्याच उड्या येतात. जेथे बारमाही मैदान आहे तेथे काही उड्या माहितीवाचून वाया गेल्या तरी चालतात. येथे ते परवडत नाही.

याच भूमीने शिक्षकाला एक सोयही दिली आहे. कृत्रिम पृष्ठभागाच्या धावमार्गावर पावलांचा माग राहत नाही, परंतु पावसाच्या उघडिपीनंतर मुरुमाच्या वा मातीच्या ओलसर जमिनीवर अनवाणी पायांचे ठसे स्वच्छ उमटतात. फळीपूर्वीची चार-पाच पावले दंताळ्याने सारखी करून ठेवली, तर प्रत्येक धावेनंतर पावलांची लांबी काठीने वा फितीने मोजता येते. चांगल्या धावेत उपान्त्य पाऊल किंचित लांब व शेवटचे किंचित आखूड पडते, त्यामुळे गुरुत्वमध्य आधी थोडा खाली येऊन नंतर वर उचलला जातो. शेवटचे पाऊल लांब पडले असेल, तर विद्यार्थ्याला ते शब्दांनी पटविण्याची गरज उरत नाही. तो स्वतःच आपल्या ठशांवर वाकून पाहतो. ली यांनी टिपलेले विचलन कर्जतच्या ओल्या मैदानावर फीत व वही यांच्या साहाय्याने टिपता येते, एवढे हे साधन सोपे आहे.

हौदात पाणी असताना उडी न मारता फळीवरून सरळ पुढे व हौदाच्या बाजूने पळत जाण्याचा सराव करता येतो, त्यासाठी प्रसंगी चुन्याने दुसरी फळी आखावी लागते. धाव बांधण्याचे काम अशा रीतीने पावसाळ्यातच उरकते आणि हौद मोकळा झाल्यावर केवळ उड्डाण व अवतरण राहते. जमीन निसरडी असेल त्या दिवशी मात्र पूर्ण वेगाची धाव टाळावी लागते. घसरण्याच्या भीतीने आखडलेली पावले हीच पुढे सवय होऊन बसतात. हौदाच्या वाळूविषयीही असेच आहे. पावसात दबून टणक झालेली वाळू फावड्याने खणून भुसभुशीत केली नाही, तर पाय पुढे टाकून उतरणे दुखावते. अशा हौदात ‘पाय पुढे टाक’ असे शंभरदा सांगूनही विद्यार्थी उभ्यानेच उतरतो, कारण टणक वाळू त्याच्या टाचांना याच्या नेमके उलट सांगत असते. शिक्षकाच्या शब्दाहून जमिनीचे हे प्रत्याभरण बलवत्तर ठरते व दोष मात्र मुलाच्या भित्रेपणाला दिला जातो.

किती, केव्हा व कसे : हालचालींच्या शिक्षणातील माहितीचा परिणाम प्रयोगाने तपासण्याचा आरंभ एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने केला. न पाहता ठराविक लांबीच्या रेषा काढण्याच्या प्रयोगांत, नुसत्या पुनरावृत्तीने सुधारणा होत नाही, ‘बरोबर’ वा ‘चूक’ एवढे कळले तरी ती होते, असे त्याने दाखविले. ट्रोब्रिज व केसन यांनी १९३२ मध्ये त्याच प्रकारचा प्रयोग करून, चूक किती व कोणत्या बाजूला झाली हे आकड्याने सांगितल्यास सुधारणा सर्वाधिक होते, असे निदर्शनास आणले. निरर्थक शब्द ऐकविलेल्या गटाची स्थिती मात्र काहीच न सांगितलेल्या गटापेक्षाही वाईट होती. मैदानावरील ‘जोर लाव’, ‘अजून जोरात’ या आरोळ्यांचे स्थान यांपैकी कोणत्या गटात लागेल हे सांगणे कठीण नाही.

आकडा मात्र विद्यार्थ्याला समजणाऱ्या मापातला असावा लागतो. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मी. उडी मारली तेव्हा मोजण्याचे प्रकाशीय साधन तोकडे पडले व पोलादी फीत आणावी लागली. फलकावर आकडा लागल्यावरही फुटांत विचार करणाऱ्या बीमनला त्याचा अर्थबोध झाला नाही. आपण २९ फुटांपलीकडे गेलो हे सहकाऱ्याने सांगितल्यावर त्याला कळले. खेड्यातील मुलाला ‘तुझी धाव तेहतीस सेंटिमीटरने कमी पडते’ यापेक्षा ‘दीड वीत मागे’ हे अधिक लवकर उमगते. विटीदांडूत दांड्यानेच अंतर मोजणाऱ्या मुलांना हातातल्या वस्तूने मोजण्याची सवय असतेच.

प्रत्येक उडीनंतर सर्व काही सांगणे हिताचे नसते, हा गेल्या काही दशकांतील संशोधनाचा अनपेक्षित निष्कर्ष होय. सालमोनी, श्मिट व वॉल्टर यांनी १९८४ मध्ये अशी उपपत्ती मांडली, की सतत मिळणारी बाह्य माहिती काठीसारखी आधार देते व शिकणारा तिच्यावर रेलून राहतो. सरावाच्या वेळी तो झपाट्याने सुधारल्यासारखा दिसतो, पण आधार काढताच सुधारणा ओसरते. विन्स्टीन व श्मिट यांच्या १९९० मधील प्रयोगांत निम्म्याच प्रयत्नांनंतर माहिती मिळालेल्यांची कामगिरी दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत अधिक टिकाऊ ठरली. स्पर्धेत शिक्षकाला धावमार्गावर जाता येत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व पटते. पहिल्या दिवसांत प्रत्येक उडीनंतर, पुढे एकाआड एक व अखेरीस तीन-चार उड्यांनंतर एकदा बोलणे, असा उतरता क्रम त्यामुळे श्रेयस्कर मानतात. मधल्या उड्यांनंतर शिक्षकाने मुलालाच विचारावे : पाय कुठे पडला? उत्तर ऐकल्यावर ठसा दाखवावा. आरंभी मुलाचा अंदाज व ठसा यांत हातभर अंतर असते, दोन-तीन आठवड्यांत ते कमी होऊ लागते आणि ते कमी होणे ही उडी वाढण्याइतकीच नोंदण्याजोगी गोष्ट आहे.

सूचनेच्या शब्दरचनेलाही महत्त्व आहे. गाब्रिएले वुल्फ व तिचे सहकारी यांनी १९९८ पासून केलेल्या अभ्यासांत, आपल्या अवयवांकडे लक्ष देण्यापेक्षा हालचालीच्या बाहेरील परिणामाकडे लक्ष दिल्यास कामगिरी सुधारते असे आढळले. पोर्टर व इतरांनी २०१० मध्ये जागेवरून मारावयाच्या लांब उडीबाबत हे पडताळून पाहिले. गुडघे लवकर सरळ करण्याकडे लक्ष देण्यास सांगितलेल्या गटापेक्षा रेषेपलीकडे जास्तीत जास्त दूर जाण्याकडे लक्ष देण्यास सांगितलेला गट सरासरीने सु. १० सेंमी. अधिक दूर गेला. ‘गुडघा वर घे’ या सूचनेऐवजी हौदाच्या कडेला रोवलेल्या फांदीकडे पाहत उचल घेण्यास सांगणे, किंवा वाळूत दोरी आडवी टाकून तिच्यापलीकडे टाचा टेकविण्यास सांगणे, हे त्यामुळे अधिक फलदायी ठरते. ठाकर व कातकरी मुलांची घरची बोली पाठ्यपुस्तकी मराठीहून वेगळी असते. ‘उपान्त्य पाऊल’, ‘अवतरण’ यांसारख्या शब्दांपेक्षा फांदी व दोरी त्यांना चटकन कळतात. एका वेळी एकच सूचना, हा संकेत सर्वत्र मान्य आहे व तितकाच मोडलाही जातो.

प्रत्याभरणाची सर्वाधिक सांगितली जाणारी कथा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील आहे. पात्रता फेरीत जेसी ओवेन्स याच्या उड्या अवैध ठरत असता त्याचा जर्मन प्रतिस्पर्धी लुट्स लाँग याने त्याला फळीच्या मागूनच उड्डाण करण्याचा सल्ला दिला, अशी ती कथा होय. ओवेन्सने ८.०६ मी. उडी मारून सुवर्णपदक मिळविले, लाँग दुसरा आला आणि दोघांची मैत्री जडली, हे खरे; सल्ल्याची हकीकत मात्र शंकास्पद मानली जाते. तथापि सल्ला म्हणून ती उत्तम आहे. ज्याच्या उडीत पात्रतेपुरते अंतर शिल्लक आहे त्याने फळीचा मोह सोडावा, ही गोष्ट तीन संधींच्या शालेय स्पर्धेलाही लागू पडते. पहिली उडी अवैध ठरलेल्या विद्यार्थ्याला खूण वीतभर मागे घेण्याचे सरावातच शिकविलेले असले, म्हणजे स्पर्धेच्या वेळी त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

परिणामाची पडताळणी : शिक्षकाने आपल्याच वर्गातील अडचण घेऊन तीवर उपाय योजणे व त्याचा परिणाम तपासणे, यास कृतिसंशोधन म्हणतात. स्टीफन कोरी या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाच्या १९५३ मधील ग्रंथाने ही पद्धती शालेय क्षेत्रात प्रचलित केली आणि महाराष्ट्रातील शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत तिला स्थान मिळाले. लांब उडी हा विषय त्यासाठी सोयीचा आहे, कारण निष्पत्ती फितीने मोजता येते. मात्र या सोयीतच एक चकवा आहे. पूर्वचाचणी घ्यावयाची, काही आठवडे प्रत्याभरण द्यावयाचे, उत्तरचाचणी घ्यावयाची व वाढलेले अंतर प्रत्याभरणाच्या खाती जमा करावयाचे, असा साचा असेल तर निष्कर्ष भक्कम ठरत नाही. तेवढ्या आठवड्यांच्या नुसत्या सरावानेही उडी वाढते, वाढत्या वयाने वाढते, आणि पूर्वचाचणी भिजलेल्या मैदानावर व उत्तरचाचणी कोरड्यावर झाली असेल तर मैदानामुळेही वाढते. जून-जुलै व ऑक्टोबर यांतील मैदानात जो फरक या दोन तालुक्यांत पडतो, तो सरावाच्या फरकाहून मोठा असू शकेल. यास्तव तेवढाच सराव करणारा पण माहिती न मिळणारा किंवा वेगळ्या प्रकारे मिळणारा दुसरा गट त्याच दिवशी, त्याच हौदात तपासावा लागतो. एका गटाला माहितीपासून कायमचे वंचित ठेवणे न्याय्य नसल्याने पहिल्या पंधरवड्यानंतर गटांची अदलाबदल करणे हा योग्य मार्ग होय. शेवटची चाचणी शिक्षकाने अवाक्षरही न बोलता, सराव थांबल्यानंतर सात-आठ दिवसांनी घ्यावी. तिच्यात टिकलेली सुधारणाच शिक्षणाची होय. प्रत्यक्ष अंतर, फळीपासूनची तूट व अवैध उड्यांची संख्या या तिन्हींची स्वतंत्र नोंद असेल, तर सुधारणा पायांत झाली की नजरेत, हेही कळून येते.

साधने : चित्रफितीवरून हालचाल सावकाश पाहण्याची सोय पूर्वी मोठ्या प्रशिक्षणकेंद्रांपुरती मर्यादित होती, भ्रमणध्वनीमुळे ती आता खेड्यातील शाळेतही पोहोचली आहे. तिचा उपयोग धावमार्गाच्या बाजूला, फळीच्या रेषेत उभे राहून चित्रण केल्यास होतो. आपलेच चित्र पाहण्यात मूल रमते खरे, पण काय पाहावयाचे ते न सांगितल्यास ते आपला चेहरा व कपडे पाहते. एक उडी, एक प्रश्न व एकदा पाहणे एवढ्यावर ते आटोपावे. चित्रण पाहण्यात गेलेला वेळ उड्यांच्या वेळेतून वजा होतो, आणि उघडिपीचा तास किती टिकेल याचा भरवसा नसतो.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांत फळीपुढे मऊ लेपाची १० सेंमी. रुंद पट्टी बसवीत व तीवर ठसा उमटल्यास उडी अवैध ठरवीत. नोव्हेंबर २०२१ पासून, उड्डाणाच्या वेळी पायाचा कोणताही भाग कडेवरील उभ्या प्रतलापलीकडे गेल्यास उडी अवैध मानतात व मोठ्या स्पर्धांत त्याचा निर्णय चित्रणावरून होतो. शाळेच्या मैदानावर फळीपुढे ओल्या मातीची चार बोटे रुंद पट्टी सारवून घेतली, तरी पंचाला निर्णय देण्यास आणि विद्यार्थ्याला आपले पाऊल कुठे पडले हे पाहण्यास ती पुरेशी होते. प्रत्येक उडीनंतर ती हाताने पुन्हा सारखी करावी लागते.